थरथर वेगळी, भरकट वेगळी

माघात तासगावहून फोन आला. "काका, गाडी पस्तीस-चाळीसला गेली आणि एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग हातातनं सुटायला बघतंय. ब्रेक मारून पार थांबवावी लागते. नात आता मागं बसायला तयार नाही." फोन करणारे द्राक्षबागायतदार. गाडी त्यांच्या आजोबांची, १९२४ ची फोर्ड मॉडेल टी, उघडी टूरिंग. द्राक्षांच्या क्रेटशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली.

पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी ३४ वर्षं गेली. निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांचं काम हाती घेतलं. माझ्या हाताखालून गेलेली ही तिसरी मॉडेल टी. दोन महिन्यांत तासगावला चार फेऱ्या झाल्या. त्यात जे सापडलं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण या गाड्यांचे मालक एकमेकांना 'बुश बदला', 'अलाइनमेंट करा' असे एका ओळीचे सल्ले देतात, आणि त्या सल्ल्यांनीच या गाडीचं निम्मं नुकसान झालं होतं.

आधी गाडीबद्दल. मॉडेल टी १९०८ च्या ऑक्टोबरात आली आणि १९२७ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली, दीड कोटी गाड्या झाल्या. आपल्याकडे ज्या आल्या त्यांतल्या बहुतेक कॅनडातल्या. ओंटारिओतली फोर्डची कॅनडा कंपनी १९०४ पासूनची, आणि ब्रिटन सोडून बाकी साम्राज्याला गाड्या पुरवण्याचं काम तिच्याकडे होतं. म्हणून या गाडीचं स्टेअरिंग उजवीकडे आहे आणि चारही चाकांना तीस बाय साडेतीनचे टायर आहेत. अमेरिकेतल्या गाड्यांना पुढे त्याहून बारीक, तीस बाय तीनचे असत. अमेरिकन पुस्तक उघडून या गाडीकडे बघताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

पहिल्या दिवशी मी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. मालकांना गाडी चालवायला सांगितली आणि शेजारी बसलो. दोन गोष्टी दिसल्या. सपाट रस्त्यावर, कुठलाही धक्का नसताना, गाडी सरळ जात नव्हती. डावीकडे ओढायची, मालक सावरायचे, मग उजवीकडे जायची. त्यांचे हात सतत काम करत होते. दुसरी गोष्ट फोनवर सांगितलेली. साधारण ३८ च्या वेगाला रस्त्यावरची एक जोडपट्टी लागली आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी, डावी-उजवी अशी आपटायला लागली. रेडिएटर हलताना डोळ्यांना दिसत होता. वेग वीसच्या खाली येईपर्यंत ते थांबलं नाही.

मालकांच्या आणि आधीच्या गॅरेजच्या लेखी हा एकच आजार होता, 'स्टेअरिंग खराब'. मला तिथेच शंका आली. सपाट रस्त्यावर सरळ न चालणं ही भरकट. धक्क्यानंतर सुरू होऊन स्वतःच्या जोरावर चालू राहते ती थरथर, इंग्रजीत शिमी. १९१० च्या दशकाअखेर अमेरिकेत त्या नावाचा अंग हलवण्याचा नाच गाजला होता, त्यावरून मोटारवाल्यांनी हे नाव उचललं. दोन्हींची कारणं शेजारी शेजारी राहतात, पण एक नाहीत.

थरथरीतसुद्धा आणखी एक निवड करावी लागते. चाक वाकडं असेल, टायर गोल नसेल किंवा एका बाजूला जड असेल, तर दर फेऱ्याला एक हिसका बसतो. ती चाकाची थरथर. चाकात दोष नसताना अॅक्सल आणि स्टेअरिंगच्या दांड्या स्वतःच्या लयीत हलतात, ती दुसरी. इंजिनाची थरथर तिसरीच, तिच्यासाठी चालत्या गाडीत डावं पेडल अर्ध्यावर धरायचं. मॉडेल टीत ते न्यूट्रल असतं. गॅस कमी करायचा आणि हाताला काय लागतं ते बघायचं. इथे काही फरक पडला नाही, म्हणजे दोष इंजिनाचा नव्हता.

उरलेल्या दोनांसाठी खडू वापरला. पुढच्या टायरच्या बाजूला एक जाड पांढरा पट्टा ओढला. सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, भाचा मोटारसायकलवर मागे बसला आणि बरोबरीने जात त्याने मोबाईलवर चाकाचं मंदगती चित्रण केलं, सेकंदाला २४० चित्रांचं. घरी येऊन एकेक चित्र पुढे सरकवलं. तीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.४ मीटर, म्हणजे ३८ च्या वेगाला सेकंदाला साडेचारच्या आसपास फेरे. दोष चाकात असता तर प्रत्येक हिसका खडूचा पट्टा एकाच जागी असताना बसायला हवा होता. तसं होत नव्हतं. पट्ट्याचे चार फेरे व्हायच्या वेळात चाक पाचदा डावं-उजवं होत होतं, आणि दर वेळी पट्टा वेगळ्या जागी होता. म्हणजे ही लय चाकाच्या फेऱ्याची नव्हती. ती अॅक्सल आणि स्टेअरिंगच्या दांड्यांची स्वतःची लय होती. ही परीक्षा फुकटात होते. कुठलाही नट सोडण्याआधी ती कराच.

ही लय चालू कशी राहते ते समजायला लहानपणीचा खेळ आठवा. काठीने सायकलचा टायर पळवताना तो उजवीकडे कलला की उजवीकडेच वळतो. फिरत्या चाकाचा हा स्वभावच आहे, ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला वळणार. मॉडेल टीची पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड लोखंडी अॅक्सलवर आहेत. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा अॅक्सल उजवीकडे कलतो, दोन्ही चाकं झुकतात आणि उजवीकडे वळायला बघतात. वळताना तोच स्वभाव उलट्या बाजूने काम करतो, डावं चाक खाली दाबलं जातं आणि उजवं उचललं जातं. आता कल डावीकडे, वळण डावीकडे. जोडणी घट्ट असेल आणि सांध्यांत योग्य घर्षण असेल तर हे एक-दोन हेलकाव्यांत विरतं. सांधे ढिले असतील तर चाकांना मोकळी धाव मिळते आणि प्रत्येक हेलकावा पुढच्याला जोर देतो.

त्यात मॉडेल टीचं स्टेअरिंग धक्का परत हातात पाठवणारं आहे. स्टेअरिंगचे गिअर खाली खोक्यात नसतात. स्टेअरिंगच्या चाकाच्या बरोबर खाली, पितळी डबीत, मधला एक आणि भोवतीचे तीन असे छोटे गिअर. गुणोत्तर ४ ला १, शेवटच्या काळातल्या गाड्यांत ५ ला १. चाकावर आलेला मार हातापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा पोचतो. मला हे आवडतं. ही गाडी काही लपवत नाही, म्हणून तिच्याकडे नीट लक्ष दिलं की ती स्वतःच दुखणं सांगते.

दुसऱ्या फेरीत मोजमापाला बसलो. पहिलं टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते. दोन्ही टायरच्या मधोमध मागच्या बाजूला तुंब्याच्या उंचीवर खुणा केल्या, अंतर घेतलं, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलली आणि त्याच खुणा पुढे आल्यावर पुन्हा अंतर घेतलं. फोर्डच्या पुस्तकाप्रमाणे पुढचं अंतर मागच्यापेक्षा फार तर पाव इंच कमी असावं. मी ३/१६ इंच ठेवतो, म्हणजे पाच मिलिमीटरच्या जवळ. या गाडीत फरक निघाला १६ मिलिमीटर. टायरवरून तळहात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागत होतं. चाकं रस्त्यावर घासत चालली होती.

मी टायरॉड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, फिरवून टो-इन पाचवर आणलं. अगदी बरोबर काम. आणि थरथर दुप्पट झाली! आता ती तिशीलाच सुरू व्हायला लागली.

मालक माझ्याकडे बघत राहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पहाटे उत्तर सापडलं. दोन्ही चाकं गरजेपेक्षा जास्त आत वळवली की चालताना रस्ता त्यांना सतत बाहेर ढकलतो. त्या ताणाखाली सगळे ढिले सांधे एका बाजूला दाबून बसतात. ढिलाई तिथेच असते, पण तिला हलायला मुभा नसते. आधीच्या गॅरेजने थरथर कमी करायला टो-इन वाढवत नेलं होतं. थरथर थोडी दबली, त्या बदल्यात टायर खाल्ले गेले आणि स्टेअरिंग जड झालं. शिवाय ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, टोकांना सांध्याचे गोळे असतात. त्यांच्या टोप्यांचे काठ घासून त्या गोळ्यांवर आवळल्या होत्या. गोळा झिजून अंडाकृती झालेला. टोपी आवळली तर सरळ जाताना ठीक लागतं आणि वळवल्यावर अडकतं. वळणावर स्टेअरिंग अडकणं हे थरथरीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. हे लिहिताना मला अजून राग येतो. त्या गाडीत घरातली मुलं बसत होती.

तेव्हा तिसऱ्या फेरीत गाडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, घेतली आणि चाकापासून हातापर्यंत एकेक सांधा तपासला. ढिलाईची बेरीज होते हे इथे महत्त्वाचं. एकटा कुठलाच सांधा बघून 'हा गुन्हेगार' म्हणता येत नाही, आणि पहिला सापडला म्हणून थांबलं तर काम अर्धवट राहतं.

चाक वर-खाली धरून हलवलं तर टोकाला सहा-सात मिलिमीटर हलत होतं. ते बेअरिंगमुळे की किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्या, बुशमुळे? नंतरच्या गाड्यांत कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचा, चाक आणि स्टब अॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड आस) एक होतात आणि उरलेली हालचाल किंगपिनची ठरते. मॉडेल टीला पुढे ब्रेकच नाहीत. मी स्टब आणि अॅक्सलच्या मध्ये लाकडी पाचर ठोकतो, म्हणजे किंगपिन गप्प होते आणि उरते ती बेअरिंगची हालचाल. इथे पाचरीनंतर जवळपास काहीच हललं नाही. म्हणजे बुश. चारही पितळी बुश नवे वळवले, दाबून बसवले आणि लांब रीमरने वरचा-खालचा एका रेषेत रीम केला. वेगवेगळे रीम केले तर रेषा चुकते, नवी किंगपिन अडकते आणि लोक ती 'घट्ट बसली' म्हणून खूश होतात.

टायरॉडच्या टोकांचे बोल्ट आणि बुश बदलले. ड्रॅग लिंकचे दोन्ही गोळे नवे घातले, टोप्याही. मॉडेल टीचे सुटे भाग अमेरिकेत अजून नव्याने बनतात, हे या गाडीच्या मालकांचं भाग्य. पितळी डबी उघडली तर आत ग्रीसच्या जागी वाळलेला पिवळा थर होता, तीनही छोट्या गिअरच्या पिना झिजलेल्या. त्या टूलरूमच्या पद्धतीने करून बसवल्या, नवं ग्रीस भरलं.

सगळ्यात मोठी ढिलाई मात्र मोटारीच्या पोटाखाली सापडली. मॉडेल टीचे स्प्रिंगचे पाटे आडवे आहेत, पुढे एक, मागे एक. आडवा पाटा अॅक्सलला पुढे-मागे धरू शकत नाही. ते काम एकट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दांड्याचं, विशबोनचं. त्याची दोन टोकं अॅक्सलला आणि मागचं टोक एका गोळ्याने इंजिनच्या तळाला. गोळ्याखाली टोपी, दोन स्टड, त्यांवर स्प्रिंग आणि नटांना तार. मी खाली झोपलो, टोपीवर बोटं ठेवली आणि भाच्याला स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगितलं. गोळा टोपीत टकटक वाजत होता. एका स्टडवरची स्प्रिंगच नव्हती. अख्खा पुढचा अॅक्सल ज्या खिळीवर टेकलेला, ती खिळीच सैल. वरून बघून हे कधीच कळत नाही. आडवं व्हावंच लागतं.

भरकटीचं उत्तरही तिथेच होतं. अॅक्सलचा वरचा भाग किंचित मागे झुकलेला असावा लागतो, साडेपाच अंश. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो आणि म्हणून हात सोडून सायकल सरळ जाते, तीच गोष्ट. कोन मोजायला मी गवंड्याचा ओळंबा वापरला. गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी केली, अॅक्सलच्या बाजूला ३० सेंटिमीटरची सरळ पट्टी बांधली आणि तिच्या वरच्या टोकापासून दोरा सोडला. साडेपाच अंशांना खालच्या टोकाशी दोरा आणि पट्टीत २९ मिलिमीटर अंतर यायला हवं. आलं १३. म्हणजे अडीच अंश. विशबोनचा एक पाय कुठल्या तरी जुन्या अपघातात वाकला होता, जवळून पाहिल्यावर रंगाखाली घडी दिसत होती. मालकांना आठवलं, वडिलांच्या वेळी गाडी नाल्यात गेली होती. गरम करून सरळ करण्याचा सल्ला तिथेच दोघांनी दिला. मी नकार दिला. अॅक्सल जागेवर ठेवणारा हा एकच भाग आहे, त्याच्या पोलादाशी खेळ नको. चांगल्या अवस्थेतला जुना विशबोन मागवला. पाटा अॅक्सलला जोडणारे डावे-उजवे पर्च वेगळे असतात, त्यांची अदलाबदल झाली तरी हा कल बिघडतो, म्हणून तेही तपासले. ते बरोबर होते.

हा त्रास त्या काळात एकट्या फोर्डला नव्हता. १९२३ नंतर कमी हवेचे जाड बलून टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि चांगल्या चांगल्या महागड्या गाड्या थरथरायला लागल्या. जड चाक, मऊ टायर आणि अखंड अॅक्सल हे त्रिकूट जमत नव्हतं. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूलिए यांनी १९२५ साली या थरथरीवर शास्त्रीय निबंध मांडला. रोल्स-रॉइसमधून १९३० साली कॅडिलॅकमध्ये गेलेल्या मॉरिस ऑली यांच्या प्रयोगांतून १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. एक चाक उचललं तरी दुसरं झुकत नाही, त्यामुळे त्या चक्राची कडीच तुटली. आज आपण खड्ड्यातून जाताना स्टेअरिंग एका हाताने धरतो, त्यामागे ही दहा वर्षांची डोकेफोड आहे. मला हा इतिहास फार मोलाचा वाटतो. तरी मॉडेल टी अखंड अॅक्सल असूनही, सांधे घट्ट आणि कोन बरोबर असतील तर, शांत चालते. म्हणून थरथर कायमची दाबायला स्टेअरिंगवर डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, लावायचा सल्ला मी देत नाही. झीज झाकली जाते आणि वाढत राहते.

चौथ्या फेरीत सगळं बसवलं. टो-इन पाच मिलिमीटर, दोन्ही टायरमध्ये सारखी हवा, ओळंब्याचं अंतर २८. स्टेअरिंगच्या चाकावर आधी सुमारे तीन इंच मोकळी धाव होती, ती पाऊण इंचावर आली. पूर्ण शून्य करू नये, वळणाच्या टोकांना अडकतं. गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे घट्ट होत नाही ना, हे मी तीनदा पाहिलं.

मग तीच जोडपट्टी, तोच ३८ चा वेग. चाकं एकदा हलली आणि गप्प झाली. मालक काही बोलले नाहीत. पुढे जाऊन गाडी वळवली आणि पुन्हा त्याच पट्टीवरून, आता ४५ ने नेली. तिसऱ्या वेळी नात मागे बसली होती.

एक काम उरलंय. ४८ च्या पुढे हाताला हलकी, मऊ थरथर लागते. पुन्हा खडू आणि मोबाईल काढला, आणि या वेळी पट्टा दर हिसक्याला एकाच जागी होता, खाली रस्त्याकडे. ही चाकाची थरथर, डाव्या चाकाची. आधीच्या मोठ्या गोंधळात ती दिसतच नव्हती. चाक फिरवून टोकाशी खूण धरली तर कड चार मिलिमीटर आत-बाहेर जाते, आणि दोन आरे बोटांनी दाबल्यावर बारीक करकरतात. शेडवरचे वयस्कर गडी म्हणाले, "चाक रातभर पाण्यात ठेवा, बैलगाडीचं ठेवतो तसं." उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव निसटू नये म्हणून गाडीची चाकं भिजवतात, ते त्यांचं बरोबर आहे. पण मोटारीच्या चाकात फुगलेलं लाकूड वाळल्यावर आणखी ढिलं पडतं, आणि तोवर आरे घट्ट आहेत असा भ्रम होतो. मी त्यांना तसं सांगितलं, आणि चाक त्यांनाच हातात धरायला दिलं. त्यांनी कानाशी नेऊन आरे एकेक करून वाजवले आणि माझ्या दोनांच्या जोडीला तिसरा ढिला आरा दाखवला. मला तो सुटला होता.

चाक आता मिरजेला एका सुताराकडे आहे. नव्या आऱ्यांसाठी वाळलेलं, सरळ रेषांचं लाकूड मिळालं की तीनही बदलायचे. तोवर गाडी शेडमध्ये उभी, आणि नात मागच्या सीटवर.